कच्चा लिंबू

आई-बाबांनो,

गेल्या आठवड्यात संध्याकाळी आमच्या गल्लीत लपंडाव रंगला होता. सात-आठ मुलं होती, सगळी दुसरी ते पाचवीतली. चकून झालं होतं, राज्य कुणावर ते ठरलं होतं, एवढ्यात समोरच्या घरातली चार वर्षांची चिमुरडी उलट्या चपला घालून धावत आली. "मला पण घ्या!" मोठी मुलं एकमेकांकडं बघायला लागली. तिला घेतलं तर डाव विस्कटणार, नाही घेतलं तर ती भोकाड पसरणार. मग त्यांच्यातली सगळ्यात मोठी मुलगी म्हणाली, "बरं, ही कच्चा लिंबू." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि खेळ पुढं सुरू झाला.

कच्चा लिंबू तुम्हाला आठवत असेल. तुमच्यापैकी बरेच जण एकेकाळी तेच असाल. तो सगळ्यांबरोबर पळतो, लपतो, ओरडतो, पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला खेळाची मजा पूर्ण मिळते आणि खेळाचा जाच मात्र नसतो. ही सवलत कुठल्या शिक्षणतज्ज्ञानं सुचवलेली नाही. मुलांनीच मुलांसाठी ती करून ठेवली आहे आणि एका पिढीनं दुसरीच्या हाती दिली आहे. बालवाडीत २६ वर्षं काढल्यावर मला वाटतं, लहान मूल कसं शिकतं याचं सार या दोन शब्दांत आहे. म्हणून आज तुमच्याशी बोलायचं ते यांच्यापासूनच.

दरवर्षी शाळा सुरू झाली की तीन-चार आठवड्यांनी एखादी आई दाराशी रेंगाळते. बाकीचे पालक पांगले की हळूच विचारते, "ताई, घरी विचारलं की म्हणतो, खेळलो. काल विचारलं तरी तेच. लिहायला कधी घेणार?" तिच्या आवाजात तक्रार नसते, काळजी असते. शेजारच्या बिल्डिंगमधलं त्याच वयाचं मूल इंग्रजीतून शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवतं. आपलं मागं तर पडणार नाही ना? फी भरायची, डबा करायचा, रिक्षा लावायची आणि मुलानं येऊन सांगायचं, 'खेळलो'! ती काळजी मला कळते. माझी मुलं लहान होती तेव्हा माझ्याही पोटात ती होती. पण कुणी 'नुसता खेळतो हो' म्हणालं, की त्यातल्या 'नुसता' या शब्दापाशी मी अडते. तो शब्द तुमच्या मनातून निघावा, एवढ्यासाठीच हे हितगुज.

सागरगोटे आठवून बघा. पाचांतला एक हातात ठेवायचा, चार जमिनीवर. हातातला उडवायचा आणि तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलून त्यालाही झेलायचं. आधी एकेक उचलायचा, मग दोन-दोन, मग एकदा तीन आणि एकदा एक, शेवटी चारही एकदम. चार ही संख्या कशी कशी फुटते, हे त्या मुलीच्या मुठीला कळत असतं. पहिलीच्या गणितात जेव्हा संख्येची फोड करायची वेळ येते, तेव्हा जिनं सागरगोटे खेळलेत तिच्यासाठी ती जुनी ओळख असते. चल्लस-आठ घ्या. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. मग सोंगटी तितकी घरं पुढं न्यायची. ते करताना मनात हिशेब चालू असतो, की मला दोन पडले तर ताईची सोंगटी मारता येईल, तिला तीन पडले तर माझीच मरेल. बेरीज, वजाबाकी आणि शक्यतेचा अंदाज एकाच वेळी, आणि कुणीही 'पाठ कर' म्हटलेलं नाही.

लगोरीत सात चपटे दगड एकमेकांवर रचायचे. सर्वांत मोठा तळाला, सर्वांत लहान वर. वर्गात आम्ही याला लहान-मोठ्याचा क्रम लावणं म्हणतो आणि त्यासाठी लाकडी ठोकळे विकत आणतो. मैदानावर मात्र तो क्रम चेंडू पाठीत बसायच्या आत लावावा लागतो. चुकला तर लगोरी कोसळते. चूक दाखवायला बाईंची लाल रेघ लागत नाही, दगडच ती दाखवतात. त्यामुळं मुलाला अपमान वाटत नाही, ते पुन्हा रचायला धावतं.

आणि विटीदांडू! टोला किती लांब गेला ते दांडूनं मोजायचं: वकट, लेंड, मुंड, नाल. लहानपणी हे शब्द आपण मंत्रासारखे म्हटले. ते तेलुगूतल्या एक ते चार आकड्यांवरून आलेत: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. ज्या पोरांनी तेलुगूचा एक धडा गिरवला नाही, त्यांच्या जिभेवर शेजारच्या भाषेतले आकडे खेळानं आणून ठेवले आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकवले. घोकलेलं परीक्षेनंतर उडून जातं आणि खेळलेलं म्हातारपणीही आठवतं, याचा याहून साधा पुरावा कुठला द्यायचा?

पण खेळातून गणित आणि भाषा येते म्हणून खेळू द्या, एवढंच मला म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर उद्या तुम्ही सागरगोट्यांचाही क्लास लावाल. खेळात त्याहून मोठं काहीतरी चाललेलं असतं.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी जिनिव्हा आणि नूशातेलमधल्या मुलांकडून गोट्यांच्या खेळाचे नियम समजून घेतले. हे नियम कुठून आले, ते बदलता येतील का, असं त्यांनी मुलांना विचारलं. १९३२ साली त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. लहान मुलांना वाटत होतं, नियम थोरांनी किंवा देवानं केलेत, त्यांना हात लावायचा नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र कळलं होतं, की नियम आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेले असतात आणि सगळ्यांना मान्य असेल तर बदलताही येतात. विचार करा, हा केवढा मोठा प्रवास आहे! 'मोठे सांगतात म्हणून' पासून 'आपण ठरवलं म्हणून' पर्यंतचा. चांगला नागरिक याहून वेगळा कुठं असतो? आणि हा प्रवास मूल नागरिकशास्त्राच्या पुस्तकात करत नाही. तो होतो 'टाइमप्लीज घेतलेली, मी आउट नाही' या भांडणात. दहा मिनिटं भांडण चालतं. एकमेकांना 'रडीचा डाव' म्हणून चिडवलं जातं. कुणीतरी 'मी नाही खेळत जा' म्हणून पायरीवर जाऊन बसतं. मग कुणीतरी त्याला बोलवायला जातं, कारण तो गेला तर भिडू कमी पडतात. नियम थोडा बदलला जातो आणि खेळ सुरू होतो. त्या दहा मिनिटांत सगळे काहीतरी शिकलेले असतात: आपली बाजू मांडणं, दुसऱ्याची ऐकणं, हरणं, रुसणं आणि रुसवा सोडून परत येणं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही मुलाला क्रिकेटला घातलंय, पोहायला घातलंय, तोही खेळच ना? हो, आणि तो जरूर असू द्या. त्यानं शरीर कसतं, शिस्त येते. पण तिथं संघ सर पाडतात, नियम सर सांगतात, भांडण सर मिटवतात आणि सरांची शिट्टी वाजली की खेळ संपतो. मुलानं स्वतः सुरू केलेला, स्वतः मोडलेला आणि स्वतः सावरलेला खेळ ही वेगळी गोष्ट आहे. क्लासनं त्याची जागा भरून निघत नाही. आणि कच्चा लिंबू कुठल्याच कोचिंगमध्ये नसतो.

आमच्या बालवाडीत भातुकलीचा एक कोपरा आहे. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आजारपणानंतर पंधरा दिवसांनी शाळेत परत आला. कुणाशी बोलेना, चित्र काढेना. तिसऱ्या दिवशी त्यानं बाहुलीला आडवं पाडलं, आइस्क्रीमच्या काडीची सुई केली आणि तिला इंजेक्शन दिलं. मग म्हणाला, "रडू नको, झालं, झालं." त्या दिवसात त्यानं तेच कितीतरी वेळा केलं. पुढचे आठ दिवस आमच्याकडच्या सगळ्या बाहुल्या आणि अर्धी मुलं त्याचे रुग्ण होते. नवव्या दिवशी तो आपणहून ठोकळ्यांकडं वळला. सलाइनच्या सुईची जी भीती त्याच्या मनात घट्ट बसली होती, ती त्यानं स्वतः डॉक्टर होऊन बाहेर काढली. आम्ही मोठ्यांनी फक्त एक केलं. त्याला थांबवलं नाही.

लेव्ह व्हिगॉट्स्की हे रशियन मानसशास्त्रज्ञ जेमतेम ३७ वर्षं जगले, १९३४ साली गेले. पण लुटुपुटीच्या खेळाबद्दल त्यांनी जे ओळखलं ते आजही बालशिक्षणाच्या पायात आहे. त्यांचं म्हणणं असं, की खेळताना मूल आपल्या रोजच्या उंचीपेक्षा उंच होतं. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारी मुलगी भातुकलीत 'आई' झाली की बाळ झोपेपर्यंत मांडी हलू देत नाही, कारण आई अशी वागते हा नियम तिनं स्वतः स्वतःला घातलेला असतो. पुढं सोव्हिएत संशोधकांनी याची परीक्षाही घेतली. मुलांना 'हलू नका, स्थिर उभे राहा' असं सांगून बघितलं आणि 'तुम्ही पहारेकरी आहात' असं सांगूनही बघितलं. पहारेकरी झालेली मुलं कितीतरी जास्त वेळ स्थिर उभी राहिली. तुम्ही रोज 'नीट बस, चुळबुळ करू नको' असं ज्यासाठी ओरडता, तो संयम आतून वाढतो, आणि वाढतो तो अशा खेळात.

व्हिगॉट्स्कींनी आणखी एक सांगितलं. मुलाला एकट्याला जमत नाही, पण जरा मोठ्या, जाणत्या सोबत्याच्या संगतीत जमतं, असा एक पट्टा असतो आणि खरं शिकणं त्या पट्ट्यात होतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतला कच्चा लिंबूच डोळ्यांपुढं आला. भोज्जाला कधी शिवायचं, किती अंतर राखायचं, कुठं लपलं तर पाय दिसतात, हे तिला कुणी समजावून सांगत नाही. ती ताई-दादांच्या मागं पळता पळता बघते. तिच्या चुकीची किंमत तिला मोजावी लागत नाही, म्हणून ती न घाबरता चुकते. आपल्या घरात आणि शाळेत चार वर्षांच्या मुलाला अशी किती सूट मिळते, हे आपण स्वतःला विचारून बघू.

आता लिहिण्याचं. लिहायला घेण्याची घाई करू नका असं मी म्हणते, तेव्हा त्यामागं शरीराचंही कारण असतं. जन्मतः बाळाच्या मनगटातली आठही बारकी हाडं कूर्चेचीच असतात. तिचं हाड व्हायचं काम पुढं कितीतरी वर्षं चालतं. तीन-साडेतीन वर्षांच्या त्या मऊ मनगटाला आपण रोज चार पानं गिरवायला लावतो आणि मग म्हणतो, याला लिहायचा कंटाळाच फार. त्या हाताला आधी माती मळू द्या, मटार सोलू द्या, चिंचोके वेचू द्या, दोरीला लोंबकळू द्या. खांद्यात जोर आला की तो कोपरात येतो, मग मनगटात, मग बोटांत. जो हात भरपूर खेळलेला असतो, तो पेन्सिल नीट धरतो. हे मी माझ्या वर्गात वर्षानुवर्षं पाहते आहे.

तुम्हाला वाटेल, हे सगळं परदेशी शास्त्रज्ञांचं. नाही, आपल्या मातीत हे फार आधी रुजलंय. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबरीनं बालशिक्षणाचं काम शिकल्या. पुढं १९४५ साली त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत काम सुरू केलं. गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसलं, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, पानं, खडे यांचीच साधनं केली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांचं काम फुललं. जी मुलं गुरं राखायला जात आणि म्हणून शाळेत येऊ शकत नसत, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शाळा गुरांच्या मागं कुरणात गेली. ज्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढत, त्यांना शिकता यावं म्हणून शाळेला पाळणाघर जोडलं गेलं. मूल जिथं आहे, जे करतंय, त्यातूनच त्याचं शिक्षण सुरू होतं, हे या दोघींनी आयुष्य वेचून दाखवलं. ज्या महाराष्ट्रानं हे पाहिलंय, त्या महाराष्ट्रात आज तीन वर्षांच्या मुलाला प्रवेशासाठी प्रश्न विचारले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरकारी धोरणही आता याच बाजूचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं वय वर्षं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळ आणि कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. म्हणजे पहिली आणि दुसरीसुद्धा त्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हटलाय, आणि भारतानं तो करार १९९२ साली स्वीकारलाय. तेव्हा 'खेळलो' असं सांगणारं तुमचं मूल कुठंही मागं पडलेलं नाही.

मग अडतं कुठं? तीन गोष्टींपाशी: जागा, वेळ आणि भिडू.

जागेचं दुखणं शहरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. अंगण गेलं, तिथं पार्किंग आलं. गाड्यांना चेंडू लागतो म्हणून खेळायला बंदी आली. मग मूल घरात, आणि घरात मोबाइल. डोळ्यांचं एक उदाहरण सांगते. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात १२ प्राथमिक शाळा घेऊन सहा-सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला. निम्म्या शाळांत मुलांना रोज ४० मिनिटं जादा उघड्यावर घालवायला दिली, बाकीच्यांत नेहमीसारखंच ठेवलं. तीन वर्षांनी पाहिलं, तर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, बाहेर खेळलेल्यांत ३०.४ टक्क्यांना. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. औषध नाही, चष्मा नाही, नुसतं उघड्यावर जाणं. इथं 'नुसतं' हा शब्द मी मुद्दाम वापरते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तर अधिक चांगलं, आणि दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी. आपल्या घरात या दोन आकड्यांची अदलाबदल तर झाली नाही ना, एवढं आज रात्री पडताळून बघा.

वेळेचं म्हणाल, तर मुलाच्या दिवसाचं वेळापत्रक काढून बघा. शाळा, ट्यूशन, अबॅकस, फोनिक्स, कराटे. प्रत्येक गोष्ट चांगल्या हेतूनं लावलेली. पण सगळ्यांची बेरीज केली की मुलाच्या हातात स्वतःचा असा वेळ उरतच नाही. मग रविवारी अर्धा तास मिळाला की ते म्हणतं, "आई, मी काय करू? कंटाळा आला." कृपा करून तेव्हा लगेच मोबाइल देऊ नका. तो कंटाळा पंधरा मिनिटं टिकू द्या. नव्या खेळाची सुरुवात तिथूनच होते. दोन खुर्च्यांवर चादर टाकून घर उभं राहतं ते अशाच कंटाळ्यातून.

भिडूंचं म्हणाल, तर एक मूल, फ्लॅटचं बंद दार आणि शेजारी कोण ते ठाऊक नाही, ही अनेक घरांची स्थिती आहे. त्याच वयाचे भिडू मिळाले नाहीत तरी बिघडत नाही. उलट लहान-मोठी मुलं एकत्र खेळतात तेव्हाच कच्चा लिंबू असतो आणि त्याला सांभाळणारी ताईही असते. शाळेत सगळे एका वयाचे, क्लासमध्येही एका वयाचे. लहानाला सांभाळून घ्यायचं कुठं शिकायचं आणि मोठ्याकडं बघून कुठं शिकायचं? ज्या मुलाचे हातपाय किंवा बोलणं इतरांसारखं चालत नाही, त्यालाही या गल्लीतल्या खेळात जागा मिळते, कारण त्याच्यासाठी नियम वाकवायचा कसा हे मुलांना ठाऊक असतं.

इथं मुलींबद्दल एक बोलायलाच हवं. दहा-अकरा वर्षांची झाली की तिचं मैदान हळूहळू बंद होतं. 'आता मोठी झालीस', 'संध्याकाळी बाहेर नको', 'जरा पोळ्यांना हात लाव'. भाऊ मात्र खेळत असतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी सासुरवाशिणीला मंगळागौरीची रात्र मिळायची, फुगड्या, झिम्मा, पिंगा घालायला. नागपंचमीला झोके मिळायचे. तेवढ्या एका रात्रीची वाट त्या वर्षभर बघायच्या. मुलीला खेळाची भूक मुलाइतकीच असते, याची साक्ष त्या रात्रीच देतात. त्या सासुरवाशिणीच्या नातीच्या नातीला तरी वर्षाचे ३६५ दिवस खेळायला मिळू द्या.

तुम्ही काय करू शकता? फार नाही, चार-पाच गोष्टी.

दिवसातला एक तास कशालाच बांधून ठेवू नका. तो मुलाचा. त्यात काय करायचं ते त्यानं ठरवायचं, अगदी काहीच केलं नाही तरी चालेल.

घरात एक खोकं ठेवा. त्यात जुनी ओढणी, रिकाम्या पेट्या, दोरी, बाटल्यांची झाकणं, चिंचोके, कपड्यांचे चिमटे, मोडकी घमेली, जे असेल ते. बॅटरीवर चालणारं खेळणं एकच खेळ खेळतं. ओढणी मात्र नदी होते, साडी होते, सापही होते. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर गिळता येतील अशा बारक्या वस्तू तेवढ्या काढून ठेवा.

मुलं भांडली की लगेच न्याय द्यायला जाऊ नका. कुणाला लागणार असेल, कुणाला सगळे मिळून छळत असतील तर जरूर मध्ये पडा. एरवी खिडकीतून बघा आणि थांबा. गुडघा फुटेल. धुऊन हळद लावा आणि परत पाठवा. आपण किती उंच चढू शकतो याचा अंदाज मुलाला झाडावर चढूनच येतो. 'पडशील, उतर' ऐकून फक्त भीती येते.

कधी कधी त्याच्याबरोबर खेळायला बसा, पण शिकवायला नको. 'हा रंग कोणता? हे किती झाले?' असं विचारायला लागलात की खेळ संपला आणि तोंडी परीक्षा सुरू झाली. तुमच्यावर राज्य आलं तर घ्या. त्याचे नियम पाळा. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांना चल्लस-आठचा चौक आखायला सांगा. घरातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान माणूस एका पटावर बसलं की दोघांचंही कल्याण होतं.

आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत उठून उभे राहा. संध्याकाळी दोन तास आवारातल्या गाड्या एका बाजूला लावता येतील का, एवढंच विचारा. एक आई बोलली की चार बोलतात. ही मागणी करायला लाजण्याचं कारण नाही. आपण मुलांच्या हक्काचंच मागतोय.

शाळेतून आल्यावर 'आज काय शिकवलं?' याऐवजी 'आज कुणाशी खेळलास? राज्य कुणावर आलं?' असं विचारून बघा. उत्तर एका शब्दात संपणार नाही. त्या उत्तरात तुम्हाला भाषा दिसेल, हिशेब दिसेल, मैत्री दिसेल, राग दिसेल. तुमचं मूल दिवसभरात काय शिकलं ते सगळं दिसेल.

आमच्या गल्लीतल्या त्या चिमुरडीचं सांगायचं राहिलं. काल पुन्हा लपंडाव होता. ती आली, तेव्हा मोठी मुलगी सवयीनं म्हणाली, "ही कच्चा लिंबू." चिमुरडीनं मान हलवली. "नाही. माझ्यावर आलं तर मी घेणार राज्य." आणि आलंच. ती भिंतीकडं तोंड करून, डोळे गच्च मिटून उभी राहिली. वीसपर्यंत आकडे म्हणताना तेरा गाळला, सोळा दोनदा म्हटला, पण वीसला पोचली. तिला तिथं उभं राहायला कुणी शिकवलं नव्हतं. तिची तयारी झाली तेव्हा ती आपणहून उभी राहिली.

तुमचं मूलही राहील. त्याला तोवर पळू द्या, लपू द्या, सापडू द्या. आज संध्याकाळी दार उघडा आणि त्याला म्हणा, "जा, खेळून ये."

तुमचीच,
बालवाडीची ताई